शक्यता कशी हाताळावी: मालवण किनाऱ्यावर नव्याने आलेल्यांसाठी

शाळेच्या पुस्तकातली संभाव्यता नाण्यापासून सुरू होते. नाणे उडवा, छापा की काटा ते लिहून ठेवा, असे शंभर वेळा करा. मालवणच्या बाजारात हा प्रयोग करू नये. दहाव्या खेपेला कोणीतरी "काय पडला काय रे?" म्हणून विचारेल आणि विसाव्या खेपेला चार जण शोधायला वाकतील. शिवाय नाण्याची इथे गरजच नाही. हवामान खाते, समुद्र, देव, तहसीलदार, विमा कंपनी आणि रेल्वे आपापली शक्यता घरपोच देतात. नवशिका फसतो तो या सगळ्यांची शक्यता एकाच मापाने मोजायला गेल्यामुळे.

सुरुवात हवामान खात्यापासून करावी, कारण तिथे निदान कोष्टक आहे. "तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता" या वाक्यात दोन आकडे दडलेले असतात. तुरळक म्हणजे नोंद घेणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पाऊणपर्यंत. हा झाला जागेचा हिशेब. शक्यतेचा वेगळा. खात्याच्या इंग्रजी कोष्टकात नुसती शक्यता २५ ते ५० टक्क्यांत बसते आणि त्यापुढे जास्त शक्यता सुरू होते. म्हणजे खाते नुसते "शक्यता आहे" म्हणते तेव्हा पाऊस न येण्याचीच बाजू जड असते. तरीही वाळूवर मासळी सुकत घातलेली बाई ती गोळा करते, आणि तिचेच बरोबर आहे. गोळा करायला अर्धा तास लागतो, भिजली तर अख्खा माल जातो. टक्के खात्याचे असले तरी नुकसान तिचे, त्यामुळे किती टक्क्यांना उठायचे ते तीच ठरवणार. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की टक्क्यांची चर्चा तिथेच बंद करावी. बावट्याला दशांश चिन्ह नसते.

आता रापण. यासाठी पहाटे किनाऱ्यावर जावे आणि दोर ओढायला हात लावावा. नुसते बघणाऱ्याला शक्यता कळत नाही, फक्त फोटो मिळतो. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ मारून परत येते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, माणसांच्या दोन रांगा ते ओढतात आणि ओढता ओढता एकमेकींजवळ सरकतात. हळूहळू जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात येतो. घारी आधीच वर फिरत असतात, पण त्यांच्या फिरण्यावरून अंदाज बांधू नये, त्या रोजच फिरतात. मग कधी जाळ्यात तारली नि बांगडा उसळत असतो, कधी जेलीफिश, प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन खेकडे. त्यानंतर वाटे पडतात.

इथे पुस्तकातली सरासरी उपयोगाची नाही. समजा महिनाभराची सरासरी दिवसाला एक टोपली आली. याचा अर्थ रोज एक टोपली मिळाली असा नसतो. एकोणतीस दिवस जवळजवळ काही नाही आणि एका दिवशी टोपल्या कमी पडल्या, असाही तो असू शकतो. मासा थव्याने फिरतो, म्हणून नशीबही थव्यानेच येते. किनाऱ्यावर ही गोष्ट कोणी आलेख काढून शिकवत नाही. उधारीची वही आणि वाट्यांची पद्धत हा त्यावरचा जुना उपाय आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे ते कळवते. होडी घेऊन तिथवर जाणाऱ्याला हे फार मोलाचे. रापणकार मात्र किनाऱ्यावरच उभा असतो, माशाने त्याच्याकडे यायचे असते. त्याला नकाशा दाखवण्यापेक्षा दोराला हात लावावा.

देवाच्या शक्यतेला हात घालताना चप्पल बाहेर काढावी आणि कॅल्क्युलेटरही. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा तिथीने ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. २०२३ साली ती ४ फेब्रुवारीला झाली, २०२४ ला २ मार्चला, २०२५ ला २२ फेब्रुवारीला. हुशार नवशिका लगेच सरासरी काढतो. ती १९ फेब्रुवारी येते, आणि त्या तारखेला यांपैकी एकाही वर्षी जत्रा नव्हती.

कोकणातल्या देवळांत कौल लावताना मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या किंवा भिजवलेले तांदूळ चिकटवतात. गाऱ्हाणे घातले जाते, सगळे "व्हय महाराजा" म्हणतात आणि मग वाट पाहणे सुरू होते. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाच्या मनात इथे दगडाचा उतार, पाण्याचे प्रमाण आणि वरचा पंखा हे प्रश्न येतात. यावेच. तोंडाने विचारू नयेत. एक तर पुजारी वैतागतो, दुसरे म्हणजे प्रश्नच गैरलागू आहे. कौल काही भाकीत करत नाही. अनेक मानकरी, अनेक घरे आणि जुनी भाऊबंदकी असलेल्या गावात एक तारीख अशी ठरवायची असते की ती अमक्या घराने ठरवली असे कोणाला म्हणता येऊ नये. मला तरी ही कौलाची सगळ्यात मोठी करामत वाटते. एक नियम मात्र पाठ करावा: डावा कौल आला म्हणून तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारू नये. प्रयोगशाळेतही हवे ते उत्तर येईपर्यंत प्रयोग चालू ठेवणाऱ्याची अब्रू जाते.

तहसीलदार हेच काम पाकळ्यांशिवाय करतात. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठी काढायला लहान मूल बोलावतात, कारण त्याचा अजून गट नसतो. निवडणुकीआधी मतदान यंत्रांची संगणकावर "सरमिसळ" होते. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांची मते समान झाली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरला. यातल्या कोणत्याही चिठ्ठीत लायकीबद्दल काहीही लिहिलेले नसते. पडलेल्या उमेदवाराला हे समजावण्याच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये.

आंबा-काजूवाल्यांसाठी फळपीक विमा आहे. तो हवामानावर आधारित आहे, आणि हवामान म्हणजे महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने नोंदवलेले हवामान. तुमच्या कलमांचा मोहोर अवकाळी पावसाने झडला पण केंद्रावर ऊन होते, तर कागदोपत्री ऊनच होते. उलटही होते: केंद्रावर पाऊस, बाग कोरडी, पैसे खात्यात. त्या वर्षी बागायतदार यंत्राच्या अचूकतेवर शंका घेत नाही. ठरलेल्या मापाला सगळे "ट्रिगर" म्हणतात, तो शब्द शिकून घ्यावा. ट्रिगर बसला की नाही एवढेच विचारावे, पाऊस पडला की नाही हे कोणी विचारत नाही.

मटक्याबद्दल दोन शब्द, तेही धंदा बेकायदा आहे हे सांगून. त्याचे मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत लागणाऱ्या पैजांत आहे. ओपन-क्लोज हे शब्द तिथून आले. एक आकडा दहांतला, आणि लागला तर मिळतात नऊ पट. बाकी सगळ्या शक्यता अंदाजपंचे असतात, ही तेवढी अचूक आहे: रुपयामागे दहा पैसे सावकाश जाणार. जुगाराच्या अशाच हिशेबावर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये पत्रव्यवहार केला आणि संभाव्यतेचे गणित उभे राहिले. बरोबर दहा वर्षांनी, १६६४ मध्ये, सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी झाली. या दोन सालांत काही संबंध दिसू लागला तर पुस्तक मिटून नाष्टा करून यावे.

शेवटची शक्यता सर्वांत घरगुती. चाकरमान्याचे जत्रेचे तिकीट. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तारीख मात्र देवीची. ती कळताच कणकवली किंवा कुडाळचे तिकीट काढावे. प्रतीक्षा यादी आली तर तिकीट पक्के होण्याचे टक्केही पडद्यावर दिसतात. साठ टक्के दिसले तर साठासाठी तिकीट राहू द्यावे, उरलेल्या चाळीसासाठी खासगी बसची सीट धरून ठेवावी, आणि दोन्ही पक्की झाली तर बसची सीट मेव्हण्याला विकावी. तो येणार याची शक्यता शंभर टक्के असते.