अल्सेशियन म्हणायचं नाही म्हणे!

अहो वहिनी, गवार तिथेच राहू द्या, या जरा भिंतीशी. कोपऱ्यावरच्यांकडे पिल्लू आलंय, बघितलंत? तेच हो, एक कान उभा, एक पडका. मी आपलं सहज म्हटलं, “अल्सेशियन वाटतं?” तर त्यांचा मुलगा कसा फणकारला! “काकू, जर्मन शेफर्ड म्हणायचं.” मला कुठलं राहवतंय? दुपारभर आमच्या ह्यांना वाचायला बसवलं.

पोरगं खोटं बोलत नव्हतं हो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात जर्मन हा शब्दच कानाला नकोसा झाला. खुद्द राजानं १९१७ साली घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर लावलं, तिथे कुत्र्याची काय कथा! १९१९ साली तिथल्या केनेल क्लबानं त्याची नोंद केली ती ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ म्हणून. खरं नाव परत मिळायला १९७७ उजाडलं. इंग्रज गेले, त्यांचा रुसवा आपण अजून जपतोय!

पण खरी गंमत पुढेच आहे. माक्स फॉन श्टेफानिट्स म्हणून घोडदळातला एक कप्तान. नटीशी लग्न केलं म्हणून सैन्य सोडावं लागलं म्हणे. घ्या! मग धरला कुत्र्यांचा नाद. १८९९च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात मेंढ्या राखणारा हेक्टर दिसला. तिथल्या तिथे विकत घेतला, नव्या नवरीचं बदलतात तसं नाव बदलून होरांड केलं, आणि त्याच महिन्यात ह्या जातीचा क्लब काढला. वंशावळीच्या वहीत पहिला नंबर होरांडचा.

त्याआधी १८९१ला ‘फिलाक्स’ नावाची मंडळी जमली होती. पण कुत्रा दिसायला देखणा हवा की कामाला, यावरून भांडून भांडून तीन वर्षांत मोडली. अगदी आपल्या सोसायटीची मीटिंग! कप्तानाचं मात्र पक्कं: आधी काम, मग रूप. अध्यक्षपद १९३५पर्यंत सोडलं नाही पठ्ठ्यानं, तेही नाझींनी सोडायला लावलं तेव्हा.

आणि सोयरिकी? होरांडच्याच लेकरानातवंडांत. सगोत्र-बिगोत्र कोण बघतंय!

ह्या पिल्लाचेही कागद आहेत म्हणे, पार पणजोबापर्यंत. मला सासऱ्यांच्या वडिलांचं नाव ह्यांना विचारावं लागतं... अगबाई, ते बघा! गेटखालून आलं वाटतं. कामाच्या कुत्र्यानं काय काम काढलंय! ती चप्पल तुमचीच ना?