अभ्यासक्रमाबाहेरचा शेतकरी

सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरच्या परीक्षेत डेटाबेस असावा की नसावा, या विषयावर झरीत आजवर ग्रामसभा झालेली नाही. तरी आमचं मत विचाराल, तर नसावाच. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या या गावानं जे प्रशासन पाहिलंय, त्याचं सगळं बळ 'हे माझ्याकडं येत नाही' या वाक्यात आहे. आता संगणकवाल्यांनाही ते वाक्य सर्टिफिकेटासह मिळत असेल, तर आपण खोडा का घालावा?

लिनक्सवाल्यांच्या एलपीआयसी-1 या परीक्षेत 2009 पासून एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेचा, धडा होता. धडा कसला, चतकोरच: माहिती टाका, शोधा, बदला, पुसा. ऑक्टोबर 2018 मध्ये तोही काढला. रेड हॅटच्या आरएचसीई परीक्षेत मारियाडीबी हा डेटाबेस बसवून त्याचा बॅकअप घ्यायचा आणि तो परत चढवून दाखवायचा असे. 2019 मध्ये तिथं ऑटोमेशन आलं, डेटाबेस गेला. युक्तिवाद बिनतोड आहे: सर्व्हर सांभाळणारा वेगळा, माहिती सांभाळणारा वेगळा. मोठ्या बँकेत असतोही वेगळा. तालुक्याच्या कचेरीत मात्र एकच कंत्राटी पोरगा असतो, आणि प्रिंटरची शाई, वायफाय, साहेबांच्या मोबाइलमधले फोटो यातून वेळ उरला तर डेटाबेसही त्याचाच.

धडा गळायच्या आदल्याच वर्षी काय काय झालं होतं! जानेवारी 2017 मध्ये गिटलॅब या नामांकित कंपनीत एका थकलेल्या इंजिनिअरनं रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार उरले. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. पैकी एकीत बॅकअपचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या, त्यामुळं रोज निष्ठेनं काहीच साठत नव्हतं. योगायोगानं सहा तास आधी हातानं काढलेल्या प्रतीवर निभावलं.

त्याच वर्षी आपल्याकडं कर्जमाफी. जूनमध्ये घोषणा, अर्ज ऑनलाइन, दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं. मग बँकांनी याद्या उघडल्या, तर अनेक शेतकऱ्यांचा आधार क्रमांक एकच! काहींचं बचत खातंही एकच. सहकाराचं इतकं शुद्ध रूप गाडगीळ-विख्यांनाही सुचलं नव्हतं. एक आकडा दोघांच्या नावावर चढू नये, यासाठी डेटाबेसला 'युनिक' एवढा शब्द सांगावा लागतो. पण तो सांगायचा कोणी? शेतकरी बँकेत गेला की बँक पोर्टल दाखवी. सेवा केंद्रातला पोरगा म्हणे, "सर्व्हर डाऊन हाय काका, उद्या या." सर्व्हरवाला छातीठोकपणे सांगे, की सर्व्हर उत्तम चालू आहे, आतल्या माहितीचं मला विचारू नका. एकही जण खोटं बोलत नव्हता.

डेटाबेसवाल्यांची सगळी विद्या कचेरीतल्या त्या कंत्राटी पोराच्या डोक्यात कोंबा, असं कोणी म्हणत नाही. पण घेतलेला बॅकअप अधूनमधून परत चढवून बघावा, 'डिलीट'च्या मागं, कुठल्या नोंदी पुसायच्या ते सांगणारं 'व्हेअर' लावल्याशिवाय एंटर दाबू नये, एवढं यावं. आणि डिस्क भरली म्हणून 'लॉग' नावाच्या सगळ्या फायली उडवू नयेत. त्यातल्या काहींवर डेटाबेसचा जीव टांगलेला असतो. सातबाऱ्यावर नावाची वेलांटी चुकली, तर शेतकऱ्याला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. म्हणजे कलम त्यानं पाठ करायचं आणि 'व्हेअर' मात्र सर्व्हरवाल्याच्या अभ्यासक्रमाबाहेर.

परीक्षेत आलं म्हणजे डोक्यात उतरतंच असं नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. एमएस-सीआयटी पास कारकून तारखेच्या रकान्यात अजून 'चालू महिना' लिहितात. म्हणून लेखी नको, प्रात्यक्षिकच ठेवा. उमेदवाराला झरीत सेवा केंद्राच्या खुर्चीत बसवा, समोर पीक विम्याची रांग लावा आणि 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द न उच्चारता प्रत्येकाला उत्तर द्यायला सांगा. वेळ 90 मिनिटं, एलपीआयसीच्या एका पेपरला मिळते तेवढीच. वीज गेल्यास ग्रेस मार्क नाहीत.