गोळीचा धाक

“बावाले गोळीची आदत लागन ना!” वाशीमकडच्या घरात कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन लिहून दिलं की पहिला प्रश्न हाच. मग पाकीट कपाटात, साड्यांच्या घडीखाली. चार-चार तासांनी द्यायची गोळी “लय कन्हले तं देजो” या बोलीवर येते. बाप रात्रभर कूस बदलतो आणि घराला वाटतं, आपण त्याला व्यसनापासून वाचवलं.

शरीराची सवय आणि व्यसन यांची ही सरळसरळ गल्लत आहे. काही आठवडे रोज मॉर्फिन किंवा ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक घेतलं की शरीर त्याला सरावतं. एकदम बंद केलं तर घाम, थरथर, जुलाब, अंगदुखी सुरू होते, झोप उडते. हा शरीराचा धर्म, पेशंटचा दोष नव्हे. स्टेरॉइडही एकदम तोडता येत नाही, तरी ते घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची 2013 ची डीएसएम-5 नियमावली बजावते की डॉक्टरांच्या देखरेखीत औषध घेणाऱ्याची ही लक्षणं व्यसनात मोजायची नाहीत.

व्यसनाच्या खुणा वेगळ्या. दुखणं थांबलं तरी गोळीची ओढ, मनानेच वाढवलेला डोस, एका डॉक्टरपासून लपवून दुसऱ्याची चिठ्ठी, संसार बुडाला तरी न सुटणारा हात. गोळी घेऊन माणूस जेवतो, अंगणात बसतो, नातवाशी बोलतो, तर औषध काम करतंय. गोळीपायी हेच सगळं सुटू लागलं, तर लगेच डॉक्टर गाठा.

धोका खोटा नाही. ऑक्सिकॉन्टिन या मॉर्फिनच्याच जातीच्या गोळीच्या व्यसनाचा धोका कमी दाखवल्याचा गुन्हा पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने 2007 मध्ये अमेरिकेत कबूल केला. म्हणूनच जुन्या कंबरदुखी-गुडघेदुखीवर ही औषधं पहिल्या झटक्यात नकोत. ट्रामाडॉल 2018 पासून एनडीपीएस या अमली पदार्थांवरच्या कायद्याखाली आहे. ते चिठ्ठीविना मागू नका, विकू नका.

पण धाकाचीही किंमत मोजावी लागते. 1985 च्या या कायद्याने मॉर्फिन इतकं जखडलं की दवाखाने ते ठेवायलाच कचरू लागले. 2014 च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांची वाट मोकळी केली. अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त संस्थेला एकच मान्यता पुरते. कायदा सैलावला, मनं आवळलेलीच राहिली. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू सरकारी परवान्याने पिकते, आणि इकडे रिसोड-मानोऱ्याचा पेशंट तळमळतो. हे आपल्याला शोभत नाही.

तेव्हा जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन मिळतं का, हे लोकप्रतिनिधींनी विचारावं. मिळत नसेल तर मिळवून द्यावं. एका गोळीसाठी कुणाला अकोला-नागपूर गाठायला लावू नये. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी डोस, बद्धकोष्ठतेचं औषध आणि पुढे गोळी हळूहळू कमी करण्याची रीत, सगळं घरच्यांना समजावून सांगावं. आणि घरच्यांनी गोळी घड्याळ पाहून द्यावी, कण्हण्याची वाट पाहून नाही.