छऱ्याच्या बंदुकीचे वैद्य

निवृत्तिवेतन सुरू झालेल्या पुरुषाने दिवस कसा घालवावा, याविषयी आपल्याकडील धर्मशास्त्र आणि डॉक्टरमंडळी यांच्यात दुर्मीळ असे एकमत आहे: दोघेही त्याला पहाटे उठावयास, थोडके जेवावयास आणि कोणत्याही गोष्टीत जीव न गुंतविण्यास सांगतात. या राजमार्गाने न जाणारे काही गृहस्थ प्रत्येक गावी निघतात; कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी होमिओपॅथीची पेटी घेऊन शेजाऱ्यांच्या मागे लागतो, आणि अगदी थोडे असे असतात की, जे आपले उर्वरित आयुष्य छऱ्याच्या जुन्या बंदुका खोलण्यात आणि पुन्हा जोडण्यात वेचतात. ‘चालविण्यात’ असे मी म्हटलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. बंदूक चालविणे ही या पंथात गौण, किंबहुना काहीशी ग्राम्य समजली जाणारी बाब आहे; दुरुस्ती पुरी झाली याची रुजुवात करून घेण्यापुरताच तिचा उपयोग, आणि दुरुस्ती सहसा पुरी होत नसल्यामुळे तोही क्वचितच करावा लागतो.

या पंथाचा अस्सल नमुना कोल्हापुरात पाहावा. संस्थानी अमदानीत शिकारीचा षोक राजवाड्यातून झिरपत झिरपत पेठांपर्यंत उतरला होता. पण दाजीपूरचे रान दरबारच्या शिकारीसाठी राखलेले, आणि काडतुसाच्या बंदुकीला परवाना हवा, ऐपतही हवी. तेव्हा ज्यांना षोक होता पण सनद नव्हती अशा घरांत बर्मिंगहॅमची बी.एस.ए. किंवा जर्मनीची डायना येऊन राहिली, तिने परसातले होले आणि आंब्यावरचे कावळे यांना सळो की पळो करून सोडले, आणि अखेर नातवंडांच्या हाती लागू नये म्हणून तिची माळ्यावर रवानगी झाली. बंदुका माळ्यावर, लेथ शिवाजी उद्यमनगरात आणि चांगले कमावलेले चामडे चप्पल लाइनीत, अशी सामग्री एकाच गावात जमल्यावर वैद्य उत्पन्न होण्यास उशीर तो कितीसा लागणार?

आमचे वैद्यबुवा (नाव मुद्दामच देत नाही, प्रसिद्धी झाल्यास आणखी बंदुका येतील, या भयाने त्यांच्या कुटुंबाने मला तसे बजावून ठेवले आहे) मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरी सुटली, पण दप्तर काही सुटले नाही. पोत्यात गुंडाळलेली बंदूक ओसरीवर आली की प्रथम तिची आवक नोंदवहीत नोंद होते, मग तिला प्रकरण क्रमांक पडतो, आणि त्यानंतर बुवा चष्म्यावर घड्याळजीचे भिंग चढवून जो पंचनामा लिहितात तो वाचण्यासारखा असतो: ‘दस्त्यास उजवे बाजूस खिळ्याने अक्षरे कोरलेली असून ती अर्जदाराचे थोरले बंधूंचे नावाची दिसतात, स्क्रूंच्या खाचा कोणा अनधिकृत इसमाने बिघडविल्या आहेत, नळीत मुंग्यांची वस्ती आहे, तीस बेदखल करणे जरूर.’ मालकाची सही घेतल्याशिवाय एक स्क्रू हलत नाही.

पंचनाम्यामागोमाग वंशावळ येते. बंदुकीवर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन रायफलींचा छाप सापडला की बुवांचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत जातो, तो बी.एस.ए.चा छाप. लिंकन जेफ्रिज नावाच्या बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्याने १९०४ साली पेटंट घेतले, पुढच्याच वर्षी बी.एस.ए.ने त्याप्रमाणे बंदूक बाजारात आणली, नळी मोडण्याऐवजी तिच्याखालची दांडी ओढून स्प्रिंग दाबावयाची आणि छर्रा वरच्या तोटीतून घालावयाचा, हा सगळा इतिहास ते घरची कुळकथा सांगावी तसा सांगतात. डायनाच्या बाबतीत तर त्यांना कीर्तनाचा रंग चढतो. छापातील मृगयादेवी जुने धनुष्य टाकून छऱ्याची बंदूक उंच धरून उभी आहे. तिचे माहेर जर्मनीतील रास्टाट गावचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांनी त्या कारखान्याची यंत्रे नुकसानभरपाईत उचलून स्कॉटलंडात मदरवेलला नेली आणि नावही नेले, आणि १९५० च्या सुमारास जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याची बंदूक इंग्लंडात ‘ओरिजिनल’ या नावाने विकावी लागली. ‘म्हणजे खरी डायना डायना म्हणवून घ्यावयाची नाही, आणि मिळकत बळकावणाऱ्याने मात्र नाव लावायचे!’ असे म्हणून बुवा पाहणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात की, जणू कूळकायद्याचा दावा त्यानेच गुदरला आहे. सिमेंटचे नळ करणाऱ्या आपल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने पुढे छऱ्याच्या बंदुकाही काढल्या, ही गोष्ट मात्र ते कौतुकाने पण घाईने आटोपतात. तिच्यात अन्याय कोणावरच झालेला नाही.

यानंतरचा विधी घरातील लहानथोरांनी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतल्यावर सुरू होतो. स्प्रिंगच्या बंदुकीचे शास्त्र ऐकावयास सोपे आहे: दांडी ओढली की स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे अडकतो, चाप ओढला की दट्ट्या सुटून पुढच्या हवेवर चालून जातो आणि ती दाबलेली हवा छऱ्याला नळीबाहेर हाकलते. पण ही स्प्रिंग बंदूक मोकळी असतानाही आत थोडी दबलेलीच असते, आणि मागचे बूच काढताना शेवटचा आटा सुटला की तिला आपल्या स्वातंत्र्याची एकदम आठवण होते. म्हणून बुवा सुताराच्या लांब शिकंज्यात बंदूक आवळतात, बुचावर जुन्या गोधडीची घडी ठेवतात आणि शिकंज्याचा स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने सैल करू लागतात. त्या वेळी त्यांच्या कपाळावर जो घाम येतो तो कचेरीत ऑडिटच्या दिवशीही आला नव्हता, असे जाणकार सांगतात. शिकंजा विकत घेण्यापूर्वीच्या काळातील एक स्प्रिंग छताच्या पंख्याला लागली होती. तो पंखा आजही एका बाजूला कलून फिरतो, आणि दुरुस्त करावयाचा नाही असा वहिनींचा हुकूम आहे. आल्यागेल्याला तो दाखविता यावा, हा त्यातील हेतू.

आत काय सापडते? बहुतेक वेळा खोबरेल. महाराष्ट्रातील मनुष्य कुरकुरणाऱ्या कोणत्याही वस्तूला, मग ती बिजागरी असो वा आजोबांचा गुडघा, खोबरेल घालतो, आणि बंदुकीलाही घालतो. दट्ट्यापुढे तेल साचले की दाबल्या हवेच्या उष्णतेने ते आतच पेट घेते, आवाज मोठा होतो, धूर निघतो, आणि मालकाला वाटते की बंदुकीला पुन्हा तारुण्य आले. वास्तविक तिचा वॉशर जळत असतो आणि स्प्रिंगचे वेढे तुटण्याच्या वाटेवर असतात. ‘धूर निघत होता म्हणजे चांगली चालत होती की, काका,’ असे एक तालेवार तरुण म्हणाला, तेव्हा बुवांनी पंचनाम्यात ‘अर्जदाराचे अज्ञान’ असे एक नवे कलम घातले.

जुन्या बंदुकीतला वॉशर चामड्याचा, वाटीच्या आकाराचा. तो कापून, भिजवून, लाकडी साच्यात दाबून वाळवावा लागतो आणि मग तेलात मुरवावा लागतो. त्याची बरणी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली असते, आणि दोहोंवर चिठ्ठ्या आहेत, हे पाहुण्यांना आधीच सांगण्यात येते. चप्पल लाइनीतील कारागिराशी बुवांची बोलणी तहाच्या वाटाघाटींप्रमाणे चालतात. ‘काका, एवढ्याशा वाटीपायी माझे दोन जोड शिवून झाले असते की!’ असे तो म्हणतो. ‘जोड रस्त्याने चालतो रे, हिला वारा अडवायचा आहे,’ असे म्हणून बुवा तिसऱ्यांदा कातडे परत करतात.

नळीला रंग देण्याचे काम पावसाळ्यात. सर्व कोल्हापूर आपापल्या कपाटांचा आणि सायकलींचा गंज पुसण्यात गुंतलेले असताना हे एकच घर गंज चढण्याची वाट पाहत बसलेले असते. साफ केलेल्या नळीला आम्लाचे बोट लावून ती दमट हवेत टांगतात. तांबूस गंज चढला की ती पाण्यात उकळतात, तेव्हा त्या तांबूस गंजाचा काळा होतो. मग वर आलेली भुकटी बारीक लोखंडी लोकरीने घासून काढतात आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढी लांब नळी कोणत्याही पातेल्यात मावत नाही, म्हणून बुवांनी पत्र्याची पन्हळ करून घेतली आहे. ती गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर आडवी बसते आणि त्या दिवशी वरणभाताची वेळ तहकूब होते. ‘अहो, आज कुकर कुठे लावू?’ या प्रश्नाला ‘उकळी येऊ दे’ एवढेच उत्तर मिळते.

आता या सर्व खटाटोपाचे फलित काय, असे विचाराल तर ते असे की, बंदुकीचा जोर कमी होतो. येथेच बुवांचे आणि गिऱ्हाइकांचे कायमचे बिनसते. गिऱ्हाइक आलेले असते जोर वाढवून घ्यावयास. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची बंदूक बिनपरवाना ठेवता येते, हे त्याने कोठून तरी ऐकलेले असते, आणि कायद्याने दिलेल्या सवलतीतील एकही जूल वाया जाऊ नये अशी त्याची नागरिक म्हणून इच्छा असते. बुवा शांतपणे सांगतात की, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने गेला म्हणजे १० जूल झाले, आणि साबणाची वडी भेदण्यास तेवढे रगड आहेत. चाप ओढल्यावर आत स्प्रिंग जी झणझणते ती झणझण गेली पाहिजे, दट्ट्या मधल्या दांडीवर अचूक बसला पाहिजे, आणि दोन छऱ्यांच्या वेगात फरक पडता कामा नये. ‘जोर पाहिजे असेल तर तालमीत जा,’ हा त्यांचा अखेरचा निकाल, आणि त्यावर अपील नाही. माझ्या मते बुवांचेच खरे. ही बंदूक दट्ट्या सुटताना मागे आणि दट्ट्या थांबताना पुढे अशी दोन्हीकडे हिसका देते, तोही छर्रा नळीत असतानाच; तिला आवळून धरणाऱ्याचा नेम चुकतो, आणि तळहातावर सैल ठेवून तिला हवे तसे हलू देणाऱ्याचा लागतो. मल्लांच्या गावाला ही गोष्ट पटविणे कठीण आहे.

कोल्हापूरचा अभिमान बुवांना नाही असे नव्हे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिकला जागतिक सुवर्णपदक जिंकले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्य आणले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पण हल्ली स्पर्धेत वापरतात त्या नळकांड्यात हवा भरलेल्या बंदुकांचा विषय निघाला की, ‘त्यात खोलायचे काय?’ एवढेच ते विचारतात. जोतिबाच्या यात्रेत मात्र ते फुगेवाल्यापाशी थबकतात. नळी मोडलेल्या स्थितीतच पोरे चाप ओढतात, नळी फाटदिशी मिटते आणि वर वाकते, म्हणून यात्रेतला छर्रा फुग्याच्या डोक्यावरून जातो; बुवा ती नळी डोळ्यांसमोर धरून वाक पाहतात, फुगेवाला त्यांना पोलीस समजतो, आणि यमाईचे दर्शन राहून जाते.

तेव्हा आपल्या माळ्यावर अशी एखादी बी.एस.ए. वा डायना पोत्यात पडलेली असेल, तर तिच्यात खोबरेल घालू नये आणि छर्रा न भरता चाप ओढू नये. दट्ट्यापुढे हवेची गादी राहत नाही आणि तो धातूवर जाऊन आदळतो. वैद्यबुवांना दाखवावयाची असल्यास खुशाल आणावी, पावती मागू नये, मुदत विचारू नये. येताना वहिनींसाठी एखादे नवे पातेले मात्र आवर्जून आणावे, आणि जुने कोणत्या कामी आले याची चौकशी करू नये.