काटा किर्र

आमच्या मारुती आठशेच्या डॅशबोर्डवर तापमानाचा एक काटा आहे. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच, मधे आकडा म्हणून नाही. गाडी किती तापली आहे? मध्यम. अजून किती तापेल? बघू. नव्या गाड्यांनी तर तेवढीही भीड ठेवलेली नाही. कित्येकांत काटाच नाही, निळा-लाल दिवा. लाल पेटला की गॅरेजवाल्याच्या मुलीच्या लग्नाला हातभार लागणार हे नक्की, कारण अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की बिल कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहितात.

खंबाटकी घाट चढताना शेजारी बसलेला मेहुणा म्हणाला, "काटा जरा वर गेलाय का हो?" आता 'जरा' म्हणजे किती? मेहुण्याला उत्तर द्यायचं तर आकडा हवा. म्हणून वेगळं मीटर बसवायचं ठरलं आणि मी नाना पेठ गाठली.

दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "काका, शोचं दाखवू का कामाचं?" आणि उत्तराची वाट न बघता शोचं काढलं. काळी काच, सात रंगांचे दिवे, चावी फिरवली की काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन सलाम ठोकून परत येतो. किंमत साडेतीन हजार. मग फळीवरून धूळ झटकत कामाचं काढलं. काळी तबकडी, पांढरे ठळक आकडे, ४० ते १२०. किंमत आठशे. त्यातही दोन जाती. एकात बारीक तांब्याची नळी थेट इंजिनापर्यंत जाते आणि तिच्यातल्या दाबाने आतली वाकडी नळी सरळ होऊ बघते, की काटा हलतो. ही युक्ती बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली पेटंट केली. वीज लागत नाही, पण नळी एकदा पिचली की मीटरला मोक्ष. दुसरं विजेवरचं. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि मीटर तो रोध मोजून डिग्री सांगतं. किती रोधाला किती डिग्री, हे मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं. "सेन्सर मीटरच्या माहेरचाच घ्या," दुकानदार म्हणाला, "परका आणलात तर दोघं काय बोलतील ते देवाला माहीत."

शोचं आणि कामाचं, अशी विजेवरची दोन्ही मीटरं त्याने परत घ्यायच्या बोलीवर दिली. पेठेतल्या दुकानदाराने! यावर घरात कोणी विश्वास ठेवला नाही.

परीक्षा स्वयंपाकघरात झाली. चहाच्या पातेल्यात पाणी, पाण्यात सेन्सरचं पितळी टोक, त्याच्या षट्कोनी डोक्याला गुंडाळलेली बॅटरीची निगेटिव्ह वायर, आणि ओट्यावर बॅटरी. बायको दारातून एवढंच म्हणाली, "ते पातेलं आता तुमचं." पाणी खळखळायला लागलं. रंगीत मीटरचा काटा ८४ वर जाऊन बसला, तो हलेना. उकळत्या पाण्यात इतकं थंड डोकं संसारात कामाचं, बॉनेटखाली नाही. आठशेवाल्याने दाखवले ९८.

"म्हणजे दोन्ही चूक," मेहुणा म्हणाला. "पाणी शंभरला उकळतं, शाळेत शिकलोय." शिकलास ते समुद्रकाठच्या पाण्याबद्दल. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. पुण्यात पाणीसुद्धा शंभरापर्यंत वाट बघत नाही.

बसवताना मिस्त्रीने सवयीने टेफ्लॉन टेप काढली. ती मी खिशात घातली. एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं; टेपचे जाड वेढे मधे आले तर काटा इंजिनाला थंडच समजणार. मिस्त्रीला हे पटलं नाही, पण टेप माझ्या खिशात होती.

आता गाडीत आकडा आहे. थर्मोस्टॅट ८२ च्या आसपास उघडतो, रस्त्यावर काटा ८८ धरतो, स्वारगेटच्या सिग्नलला ९६, मग पंखा गुरगुरतो आणि काटा माघार घेतो. हे सगळं आधीही होतच होतं, फक्त 'मध्यम' या नावाखाली. बायकोचं म्हणणं, मी रस्त्यापेक्षा मीटर जास्त बघतो. ते मीटर उजव्या कोपऱ्यात असल्यामुळे तिला दिसत नाही, हा त्याचा आणखी एक गुण. परवा खंबाटकीत १०२ झाले तेव्हा मेहुणा "पाणी उकळलं!" म्हणून दार उघडायला निघाला होता. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ लिहिलंय ते उगाच नाही. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं. बंद गाडीचं तापलेलं झाकण मात्र हौस म्हणून उघडू नये, तोंड भाजतं.

तुम्ही मीटर घ्यायला जाल तेव्हा दिव्यांचे रंग मोजू नका. एवढंच विचारा, सेन्सर याच डब्यातला आहे का? 'कुठलाही चालतो' असं उत्तर आलं, तर शेजारचं दुकानही उघडंच असतं.