दोष अंगठ्याचा नव्हता

“बाय, माजा अंगठा झिजला काय गो?”

पावसकडची एक आजी माझ्या मामेबहिणीला विचारत होती. बहिणीचं रत्नागिरीत सेतू केंद्र आहे. आजी पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी आली होती. मशीनच्या काचेवर अंगठा ठेवायची, उचलायची, पदराला पुसायची, पुन्हा दाबून ठेवायची. जन्मभर भात लावून आणि काजू सोलून त्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. त्यामुळे चूक आपलीच, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

मशीनचा दिवा मुळात पेटलाच नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी घेतलेल्या नव्या लॅपटॉपला ते ओळखताच येत नव्हतं. बहिणीने कपाटातून जुना, जाडजूड लॅपटॉप काढला. त्याने मशीन लगेच ओळखलं आणि तेवढ्यात लाइट गेली. जुन्याची बॅटरी कधीच मेलेली, तो चार्जरवर जगणारा. नवा मात्र ठणठणीत चालू होता. आजी अंगठा तसाच घेऊन एसटी स्टँडकडे गेली.

हा नवा लॅपटॉप म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘मोबाइलच्या प्रोसेसरवाला’ म्हणतात, तो. दुकानदाराने सांगितलं होतं, बॅटरी दिवसभर जाते, वेग भरपूर, तापत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं न बोलता माणसाला कसं अडचणीत टाकता येतं, त्याचा हा नमुना आहे.

‘मोबाइलचा प्रोसेसर’ हे नावही गोंधळाचं. २०२२ साली आलेल्या पहिल्या जिओबुकमध्ये खरोखरच फोनमधला स्नॅपड्रॅगन ६६५ होता, रॅम २ जीबी, आणि विंडोजचा पत्ता नव्हता. जून २०२४ पासून आलेल्या स्नॅपड्रॅगन एक्सच्या लॅपटॉपांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे ओरायन कोअर आधी लॅपटॉपात आले आणि नंतर फोनमध्ये गेले. दोघांत समान आहे ती भाषा. ही आर्म भाषा केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ साली सिलिकॉनवर उतरली. आपले बहुतेक जुने विंडोज प्रोग्रॅम लिहिलेत ते इंटेलच्या एक्स८६ भाषेत.

मग मध्ये दुभाषी लागतो. रत्नागिरीला हे नवं नाही. ब्रह्मदेशाचा हद्दपार थिबा राजा १८८६ पासून १९१६ साली डोळे मिटेपर्यंत इथे होता. त्याची भाषा बर्मी, सरकारची इंग्रजी, गावाची मराठी. विंडोजमधल्या दुभाष्याला ‘प्रिझम’ म्हणतात. तो इंटेलच्या आज्ञा तुकड्यातुकड्याने आर्ममध्ये उतरवतो आणि एकदा केलेलं भाषांतर जपून ठेवतो. म्हणून जुना प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना जरा रेंगाळतो, पुढे बरा पळतो. ब्राउझर आणि वर्ड-एक्सेल तर आता थेट आर्ममध्ये आहेत, तिथे दुभाष्याचं कामच पडत नाही. सातबारा काढणं, फळपीक विम्याचा अर्ज भरणं, मुलांचे क्लास, व्हिडिओ कॉल, यांत हे लॅपटॉप कुठेही कमी पडत नाहीत. इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, तोही बिनतक्रार चालतो.

पण या दुभाष्याला ओटीपर्यंत मुभा आहे, माजघरापर्यंत आहे, देवघरात नाही. विंडोजच्या गाभ्यात जे ड्रायव्हर बसतात, त्यांचं भाषांतर होत नाही. ते आर्मसाठी मुद्दाम लिहिलेलेच लागतात. अंगठ्याचं मशीन, जुना प्रिंटर, स्कॅनर, जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप: यांतल्या ज्याच्या कंपनीने आर्मचा ड्रायव्हर लिहिला नाही आणि विंडोजच्या पोटातल्या ड्रायव्हरवरही ज्याचं भागत नाही, ते या लॅपटॉपपुढे निव्वळ प्लास्टिक. आणि आपल्या जिल्ह्यातली सेतू केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, निमंत्रणपत्रिका छापणारे, सगळे याच वस्तूंवर पोट भरतात.

मायक्रोसॉफ्टने ही वाट आधीही चोखाळली होती. २०१२ च्या सरफेस आरटी या आर्मवाल्या टॅबलेटवर जुने प्रोग्रॅम चालतच नव्हते. पुढच्याच वर्षी ९० कोटी डॉलर बुडीत दाखवावे लागले. मग ३२ बिटचे प्रोग्रॅम चालू लागले, २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर ६४ बिटचे. ॲपलने २०२० मध्ये एम१ हा आर्म प्रोसेसर आणला आणि अवघ्या तीन वर्षांत सगळी मॅक नव्या भाषेवर नेली. घर एकट्याच्या मालकीचं असलं की भिंत पाडायला कुणाला विचारावं लागत नाही. विंडोज म्हणजे शंभर सहहिस्सेदारांचा सातबारा. प्रत्येकाची सही येईपर्यंत काम अडतं.

तरीही मला हे लॅपटॉप कोकणात हवे आहेत, आणि पुष्कळ हवे आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. एरवीही मृगाचा पहिला पाऊस पडला की लाइट जाते. अशा ठिकाणी दिवसभर पुरणारी बॅटरी ही चैन म्हणता येणार नाही. शिवाय इंटेलचे पुष्कळ लॅपटॉप चार्जर काढला की मंदावतात, हे बॅटरीवरही जवळजवळ त्याच वेगाने चालतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत बसून काम करणाऱ्याला कमी तापणाऱ्या यंत्राची किंमत कळते.

म्हणूनच चीड येते. कोकणाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असं यंत्र एका न लिहिलेल्या ड्रायव्हरपायी कपाटात जातंय. सरकारी कामाला चालणारी उपकरणं ज्या मान्यतेच्या यादीत असतात, त्या यादीत ‘आर्म विंडोजचा ड्रायव्हर आहे की नाही’ असा एक रकाना घाला. विकणाऱ्याने तेच खोक्यावर मराठीत छापावं. आणि घेणाऱ्याने दुकानात जाताना आपला प्रिंटर नाही तर निदान त्याचं मॉडेल लिहून न्यावं, अंगठ्याचं मशीन पिशवीत टाकावं आणि पैसे मोजण्याआधी तिथेच जोडून पाहावं. मशीनचा दिवा पेटला तरच पाकीट उघडावं.

आजी गुरुवारी पुन्हा आली. लाइट होती, जुना लॅपटॉप टेबलावर होता. अंगठा पहिल्याच खेपेला लागला. “मंजी झिजला नाय,” म्हणाली, आणि तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघत राहिली.