रंगावर बोल्ट आवळणाऱ्या फिटरसाहेबांस



गाडी चालू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबावा तशी ती चढते आणि इंजिन बंद केलं की गायब होते. एवढं सांगूनही तुम्ही डिक्की उघडली नाहीत. 'या मॉडेलचा प्रॉब्लेमच आहे' म्हणालात आणि फिल्टर विकलात. शिट्टी तशीच राहिली, तर म्हणे स्टिरिओ बदला. डोकं चालवायचं नव्हतं तर निदान हात चालवायचा! अँप्लिफायरची काळी वायर तुम्हीच सीट बेल्टच्या बोल्टखाली, रंगावरच आवळून ठेवली आहे.

अपघातात माणसाला धरून ठेवणारा बोल्ट तो. त्याच्याखाली वायरचा थिंबल सरकवताना हात जरासुद्धा अडखळला नाही?

आणि रंगातून करंट जात नाही, हे कुठलाही शिकाऊ वायरमन सांगेल. अल्टरनेटर तीन फेजचा एसी तयार करतो, डायोड त्याचं डीसी करतात, पण त्यावर लहरी उरतातच. बारा पोलचा अल्टरनेटर एका फेऱ्यात अशा ३६ लहरी देतो. इंजिन ८०० आरपीएमवर असताना तो अडीच पट वेगाने फिरत असेल, तर हिशेब होतो सेकंदाला १,२००. इंजिन २,४०० वर गेलं की ३,६००. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, नेमकी तिथेच ही शिट्टी घुसते. घाट चढताना आलाप लावावा, तर दोन स्वरांमधल्या प्रत्येक शांत जागेत ती बसलेली असते. गाणं ऐकायला पैसे मोजणाऱ्या माणसाचं तुम्ही काय हिरावलंत, ते इथे कळतं.

लहरी प्रत्येक गाडीत असतात, शिट्टी प्रत्येक गाडीत नसते. अँपचा ग्राउंड डिक्कीत, स्टिरिओचा डॅशबोर्डमागे. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये फरक पडला की करंट त्यांना जोडणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून वाट काढतो आणि गाण्यात मिसळतो. शोधायला पाच मिनिटं पुरतात. अँपमागचे आरसीए काढा. शिट्टी थांबली, म्हणजे ती त्याच वाटेने येत होती. मग चार्जरला न लावलेला मोबाइल थेट अँपला जोडा. आवाज स्वच्छ, म्हणजे स्टिरिओ आणि अँपमध्ये ग्राउंडचा लूप आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून, गाणं मोठं करून बॅटरीच्या निगेटिव्हपासून अँपच्या ग्राउंडपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आत हवं. तुमच्या जोडावर ते कितीतरी वर गेलं. हे सगळं मी केलं. मल्टिमीटर तुमच्याही भिंतीवर टांगलेला आहे. तो उतरवायचा असतो.

आरसीए आणि बॅटरीची जाड वायर एकाच पट्टीने बांधून नेलीत, गेन शेवटपर्यंत पिळलात, तेही तुमचंच काम. गेन हा आवाजाचा नॉब नव्हे. वाढवला की खरखर आणि शिट्टी दोन्ही फुगतात. तुम्ही विकलेल्या फिल्टरमधल्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरने बास तेवढा खाल्ला. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या ग्राउंडला अगदी बारीक फ्यूज असतो, चालू स्टिरिओत पिना खुपसल्या की तो उडू शकतो आणि शिट्टी सुरू होते. स्टिरिओ बदला म्हणण्याआधी तो तरी तपासलात का?

आता काम ऐका. सीट बेल्टचा बोल्ट मोकळा करा आणि कंपनीने ठरवलेल्या टॉर्कला पुन्हा आवळा. पत्र्यावर दुसरी जागा बघा, पॉलिश पेपरने रंग काढून धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत ठेवा. आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. फिल्टर काढून त्याचे पैसे परत करा. यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बिलावर ग्राउंडचं मीटर रीडिंग लिहून द्या, माझ्यापासून सुरुवात करा. शनिवारी सकाळी गाडी आणतो.

कळावे,
तुमचं एक गिऱ्हाईक